बुलढाण्याची भांडणारी लेखणी: ताराबाई शिंदे, १८८२

इअरफोन नीट लावा. आज लांब कुठं जायचं नाही, बुलढाण्यातच राहायचंय. फक्त एकशे चाळीसेक वर्षं मागं. (आणि नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग इथं लिहून दिलाय. बोलताना जिथं अडखळलो तेवढं सरळ केलंय, बाकी जसं बोललो तसंच.)

मागच्या भागानंतर चिखलीकडच्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. कॉलेजात पथनाट्य बसवतायत, विषय हुंडा. ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, नवरदेवाच्या बापाला असा झोडायचा की बघणाऱ्याची मान खाली गेली पाहिजे. दुसरा म्हणतो, असं केलं की लोक उठून चहा प्यायला जातात, त्यापेक्षा गोडीत समजवा, संवाद साधा. तिचा प्रश्न साधा होता: चळवळीच्या कलेनं भांडायचं असतं का बोलायचं असतं?

भांडण एका टोकाला आणि बोलणं दुसऱ्या टोकाला, अशी मांडणी केली की आपण तिथंच फसतो, असं मला वाटतं. का वाटतं ते सांगायला आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईकडं जाऊ. नाव तुम्ही ऐकलं असेल, स्पर्धा परीक्षेवाल्यांनी तर पाठच केलं असेल: ताराबाई शिंदे, 'स्त्रीपुरुषतुलना', १८८२. एका मार्काचा प्रश्न. तो एक मार्क मिळाला की आपण पुढं जातो. पुस्तक उघडून बघणारे किती असतील?

ताराबाईंचा जन्म १८५० सालचा, बुलढाण्याचा. तेव्हा वऱ्हाड होतं निजामाचं, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांच्या हातात. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. आजच्या भाषेत कलेक्टर ऑफिसमधले बडे बाबू म्हणा. त्यांनी स्वतःही १८७१ मध्ये शिकलेल्या लोकांना उद्देशून एक पुस्तक काढलं होतं. आणि ते सत्यशोधक समाजाचे. म्हणजे महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात जो समाज स्थापन केला, त्याचं वारं पार आपल्या घाटावर पोचलं होतं. आसपास मुलींची शाळा नव्हती. बापूजींनी एकुलत्या एक लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. लग्न लहानपणीच झालं, पण नवरा घरजावई म्हणून आला. हे मी गॉसिप म्हणून सांगत नाही. सासरी गेलेल्या मराठा घरातल्या सुनेला तेव्हा दारात उभं राहायची चोरी होती. माहेरच्या घरात, वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटाजवळ राहायला मिळालेली विवाहित बाई ही त्या काळात फार विरळी गोष्ट होती. ताराबाईंना मूलबाळ झालं नाही.

आता या घरातून उठून जरा सुरतेला जाऊ, कारण भांडणाची ठिणगी तिथं पडली.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. तिला दिवस गेले होते, मूल झालं, आणि लोकलाजेस्तव तिनं ते मारलं असा आरोप. कोर्टानं फाशी सुनावली. पुढं फाशी टळली आणि काळ्या पाण्याची शिक्षा झाली. देशभर गाजलेली केस. वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने आले. मूल ज्याचं होतं तो पुरुष या चर्चेत कुठंच नव्हता, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. 'पुणेवैभव' नावाचं जुन्या वळणाचं पत्र होतं. त्यानं या निमित्तानं समस्त बायकांवरच तोंडसुख घेतलं. बायका शिकल्या, सुधारल्या, म्हणून बिघडल्या, असा सूर.

एक गोष्ट इथं लक्षात ठेवा. बायकांच्या प्रश्नावर तेव्हा चर्चा नव्हती असं अजिबात नाही. चर्चा जोरात होती. विधवाविवाह, बालविवाह, स्त्रीशिक्षण यावर सभा होत होत्या, लेख येत होते, वाद झडत होते. सुधारक बोलायचे, सनातनी बोलायचे, सगळं शास्त्राधार देऊन, बहुतेक वेळा सभ्य भाषेत. भरपूर संवाद होता. फक्त जिच्याबद्दल चाललंय ती त्या सभेत नव्हती. पुरुषांनी पुरुषांशी बायकांबद्दल केलेली ती बातचीत होती. आपल्याकडं सोयरीक जमवताना कसं होतं? बैठकीत सगळे हजर, पोरगी आत चहा करतेय.

त्या बैठकीत बुलढाण्याची एक बत्तीस वर्षांची बाई न बोलावता शिरली.

पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात १८८२ मध्ये तिचं पुस्तक छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. पुस्तकाच्या लांबलचक नावात एक शब्द आहे जो आज आपण चुकीचा वाचू: साहसी. बायका आणि पुरुष यांत खरं साहसी कोण, हे दाखवण्यासाठी हा निबंध आहे, असा त्या नावाचा आशय. आपल्याला वाटतं साहसी म्हणजे ट्रेकिंगला जाणारा, धाडसी. पण जुन्या अर्थानं साहस म्हणजे अविचारानं, बेदरकारपणे केलेलं कृत्य, अगदी गुन्ह्यापर्यंत. बायका साहसी असतात हा तेव्हा कौतुकाचा शब्द नव्हता, आरोप होता. ताराबाईंनी विरोधकाच्या तोंडातला तोच शब्द उचलून थेट कव्हरवर ठेवला. तुम्ही मला साहसी म्हणता ना? ठीक आहे, मोजून बघू.

आता त्यांची पद्धत बघा, कारण खरी मजा तिथं आहे.

बायकांच्या दुर्गुणांची यादी देणारा एक जुना संस्कृत श्लोक आहे. बायकांना नावं ठेवायची असली की विद्वान लोक तो फेकायचे. ताराबाई काय करतात? त्या श्लोकाला नुसतं नाकारत नाहीत. तो समोर ठेवतात आणि त्यातला एकेक आरोप क्रमानं सोडवायला घेतात. पहिला आरोप, त्याचं उत्तर. दुसरा, त्याचं उत्तर. आणि प्रत्येक उत्तराची रीत एकच: हा दोष बाईत नाही असं मी म्हणत नाही, पण हाच दोष तुमच्यात किती आहे ते आता ऐका. बायका कपटी? मग लाच कोण खातं, खोट्या साक्षी कोण देतं, तुरुंग कुणाच्या गुन्ह्यांनी भरलेत? माझा आपला एक अंदाज आहे, की हे सगळं त्यांनी वडिलांच्या कचेरीच्या गप्पांत ऐकलेलं असणार. हेडक्लार्कच्या घरात संध्याकाळी दुसरं काय बोलणार?

आणि हे सगळं 'तुम्ही' म्हणून. म्हणजे वाचक मध्ये, लेखिका लांब, असं नाही. पुरुष वाचकाला समोर बसवलंय आणि त्याच्या डोळ्याला डोळा लावून बाई बोलतेय. बायको मेली तर दहाव्या दिवशी दुसरी आणता, मग नवरा मेलेल्या बाईनंच आयुष्यभर तोंड लपवून का राहायचं? नवरा हा देव असं सांगता, तर देवासारखं वागायची जबाबदारी कुणाची? स्वतः साहेबासारखे कपडे घालता, सगळे रीतिरिवाज सोयीनं बदलता, आणि धर्म सांभाळायचं ओझं तेवढं घरातल्या बाईच्या डोक्यावर? (हे माझ्या शब्दांत सांगतोय बरं का. त्यांचे शब्द याहून तिखट आहेत, ते तुम्ही मुळातच वाचा.) पुराणातल्या देवांनाही त्या सोडत नाहीत. त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांत बायका कशा रंगवल्यात त्यावरही तुटून पडतात. आजच्या वेबसिरीजवर जे रिव्ह्यू येतात ना, बाईचं पात्र असं का लिहिलंय म्हणून, त्याची ही मराठीतली फार आधीची पणजी.

पुस्तकाच्या सुरुवातीला मात्र सूर नरम आहे. हा माझा पहिलाच प्रयत्न, मी घराच्या बंदिस्तात राहणारी बाई, भाषा रांगडी वाटली तर सांभाळून घ्या, असं त्या म्हणतात. आणि मग दोन पानांत चुलीवरचा तवा हातात घेतात.

मी या पुस्तकाचे काही उतारे मोताळा तालुक्यातल्या माझ्या आत्याला वाचून दाखवले होते. आत्या चौथी शिकलेली. मी मोठ्या उत्साहात सांगत होतो, आत्या, हे भारतातल्या पहिल्या स्त्रीवादी लेखनापैकी एक आहे वगैरे. तिनं हात आडवा केला, म्हणाली, "थांब रे, वाच पुढं." चार-पाच पानं ऐकल्यावर म्हणाली, "हे त आपल्या विहिरीवरचं भांडन हाय रे बापा. लिवलेलं हाय येवढंच."

समीक्षकांना जे सांगायला प्रकरणं लागतात ते आत्यानं एका वाक्यात सांगितलं, असं मला वाटलं. गावातलं बायकांचं भांडण कधी नीट ऐकलंय का? आपण हसण्यावारी नेतो. पण त्याला एक व्याकरण असतं. समोरचीचं वाक्य आधी जसंच्या तसं परत म्हणायचं, तिच्याच आवाजात, तिच्याच ठेक्यात. 'काय म्हणलीस? मी अशी? मी तशी?' मग त्याच वाक्याला उलटं करून तिच्या दारात नेऊन ठेवायचं. म्हणी, टोमणे, आठ वर्षांपूर्वीच्या बारशाचा हिशोब, सगळं बाहेर. आणि गल्ली ऐकत असते, गल्लीला माहीत असतं कुणाचा मुद्दा बसला. यात समोरचीचं बोलणं नीट ऐकल्याशिवाय एक पाऊल पुढं टाकता येत नाही. तिचं वाक्य तुम्ही चुकीचं उचललं तर गल्लीच तुम्हाला खोटं पाडते.

म्हणून मी म्हटलं, भांडण आणि संवाद ही दोन टोकं नाहीत. 'स्त्रीपुरुषतुलना' हे भांडण आहे, त्यात शंका नाही. पण त्या भांडणात विरोधकाचा आवाज जितका स्पष्ट ऐकू येतो तितका तेव्हाच्या सभ्य चर्चेत बाईचा आवाज कधीच ऐकू येत नव्हता. मग जास्त संवाद कुठं झाला?

पण कला म्हणायची का याला? निबंध आहे, नाटक नाही, गाणं नाही. मी म्हणतो, मोठ्यानं वाचा आणि ठरवा. कीर्तनकाराचा चढा सूर, सवाल-जवाबाची फेक, जात्यावरच्या बायकांची बोली, सगळं त्या गद्यात आहे. कागदावर उतरलेला तो एकपात्री प्रयोग आहे.

आणि ही रीत त्यांना आकाशातून मिळाली नव्हती. सत्यशोधकांच्या घरात वाढलेल्या माणसाला भांडणाचा संवाद नवा नव्हताच. १८५५ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, फुल्यांनी 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहिलं होतं. त्यात एक गरोदर कुणबीण आहे, तिचा नवरा आहे, ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी आहे, एक पाद्री आहे. आणि एक विदूषक आहे, जो मध्ये मध्ये तोंड घालून प्रेक्षकांना सांगतो की हे बघा, आत्ता काय झालं, कुणी कुणाला कसं गंडवलं. फुल्यांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडं पाठवलं. कमिटीनं नाकारलं. ते छापून लोकांपुढं आलं थेट १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक'मधून. लिहिल्यापासून सव्वाशे वर्षांनी! पुढं १८७३ चं 'गुलामगिरी' आलं, तेही जोतीराव आणि धोंडीबा यांच्या प्रश्नोत्तरांतच लिहिलेलं. व्याख्यान देता आलं असतं की. पण धोंडीबाला मध्ये शंका विचारू दिली की वाचणाऱ्याची शंकाही तिथंच फिटते.

'तृतीय रत्न'मधला जोशी ही मला नाटकातली सगळ्यात चलाख भूमिका वाटते. तो मूर्ख नाही. तो गोड बोलतो, हिशोबी आहे, समोरच्याची भीती कुठं आहे ते त्याला बरोबर कळतं. तो बावळट दाखवला असता तर त्याला फसणारे नवरा-बायको त्याहून बावळट ठरले असते, आणि ज्या कुणब्यासाठी नाटक लिहिलं तोच घरी जाताना ओशाळला असता. चिखलीच्या त्या मुलीला मी हेच सांगितलं: तुमच्या नाटकातल्या नवरदेवाच्या बापाला चांगली वाक्यं द्या. तो जे खरंच बोलतो ते बोलू द्या. आम्ही काही मागितलं नाही, मुलीच्या हौसेनं द्या, पोराच्या शिक्षणाला एवढा खर्च झाला, लोक काय म्हणतील. हे ऐकून पहिल्या रांगेतला माणूस मान हलवायला लागला पाहिजे. मग त्याची मान हलत असतानाच त्याला पकडा. (तिनं अजून कळवलं नाही की ग्रुपमध्ये काय ठरलं. पथनाट्याच्या ग्रुपमध्ये एवढ्या लवकर काही ठरतं का?)

सत्यशोधकांनी ही रीत नंतर रस्त्यावर आणली ती जलशांतून. तमाशा लोकांना पाठ होता: आधी गण, मग गवळण, मग वग. जलसेवाल्यांनी साचा तोच ठेवला, आतला माल बदलला. गण गणपतीऐवजी निर्मिकाचा. गवळणीतल्या छेडछाडीच्या जागी प्रश्नोत्तरं. वगात राजाराणीऐवजी सावकार, भटजी, कुलकर्णी आणि अडलेला कुणबी. ओतूरच्या भीमराव महामुनींचं नाव यात आधी घेतलं जातं. नंतर तोच साचा आंबेडकरी जलशांनी घेतला. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार १९३० च्या दशकात गावोगाव फिरले, पाणवठा, मेलेली ढोरं ओढणं, गावकीची कामं यावर सवाल-जवाब करत. या मंडळींचा विरोधक नुसता स्टेजवर नव्हता, समोरच्या गर्दीतही होता. खेळ सुरू असताना उत्तर येऊ शकत होतं, कधी शब्दानं, कधी दगडानं.

आपला जिल्हाही यात मागं नव्हता. फुल्यांचं सुरुवातीचं मोठं चरित्र १९२७ मध्ये निघालं ते चिखलीहून, पंढरीनाथ पाटलांनी लिहिलेलं. पुण्यातून नाही, मुंबईतून नाही, चिखलीहून! तिकडच्या मुलांनी हे कॉलेजात जरूर ऐकवावं.

आता परत १८८२ ला येऊ, कारण गोष्ट अजून संपली नाही आणि पुढचा भाग मला सांगायला जड जातो.

जलशाला उत्तर यायचं. ताराबाईंच्या पुस्तकाला काय आलं? कुचेष्टा. वर्तमानपत्रांतून हेटाळणी. बाईनं एवढं मोठ्यानं बोलावं, तेही पुरुषांना उद्देशून, तेही स्वतःच्या नावानं, हेच लोकांना झोंबलं. मुद्दा राहिला बाजूला. तुम्ही कधी एखाद्या मुलीच्या पोस्टखाली कमेंट वाचल्यात ना? तिनं काय लिहिलंय यावर एक कमेंट, ती कशी बोलली यावर नव्याण्णव. तसंच.

फुले पाठीशी उभे राहिले. १८८५ मध्ये त्यांनी 'सत्सार' नावाचं छोटं नियतकालिक काढलं, त्याचे दोन अंक निघाले. दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा मुलीसारख्या मायेनं उल्लेख केला आणि त्यांच्या पुस्तकाची बाजू घेतली. एवढ्या मोठ्या माणसानं जाहीरपणे पाठराखण करणं ही छोटी गोष्ट नव्हती. पण एका माणसाच्या पाठराखणीवर भांडण पुढं चालत नाही, त्याला गल्ली लागते.

ताराबाईंनी पुढं काहीही प्रसिद्ध केलं नाही.

बत्तिसाव्या वर्षी असलं पुस्तक लिहिणारी बाई. १९१० च्या सुमारास त्या वारल्या असं मानलं जातं. म्हणजे मधली जवळजवळ अठ्ठावीस वर्षं. टिळक-आगरकरांचा वाद, संमतीवयाचा कायदा, त्यावर पेटलेलं पुणं, पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, सगळं या काळात घडलं. यातल्या कशावरही ताराबाईंचं एक छापील वाक्य आपल्याकडं नाही. मला स्वतःला त्यांच्या पुस्तकापेक्षा ही अठ्ठावीस वर्षं जास्त छळतात. रागावलेल्या कलेला आपण नेहमी सांगतो, जरा हळू बोल, नाहीतर समोरचा ऐकणार नाही. पण ज्या सनातन्यांवर टीका झाली त्यांनी ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं. म्हणूनच तर चिडले. तिला गप्प करणारी गोष्ट भांडण नव्हती. भांडणाला भांडणानं उत्तर आलं असतं तर दुसरं पुस्तक नक्की आलं असतं, असं मला वाटतं. समोरून फक्त हसू आलं आणि मग शांतता.

पुस्तकात मला खटकणाऱ्याही गोष्टी आहेत, त्या झाकायच्या नाहीत. इंग्रजी राज्याबद्दल त्यांना फार कृतज्ञता वाटते. आज वाचताना ते अडखळवतं. पण थोडं त्यांच्या जागी उभं राहून बघितलं तर? त्यांना वाचायला शिकवणारा बाप आणि हाताशी आलेला छापखाना, दोन्हीचा धागा कुठं ना कुठं त्या राज्याशी जुळत होता. स्वतःच्या पुरुषांनी दार बंद केलेलं आणि परक्यानं खिडकी उघडलेली. खिडकी उघडणाऱ्याचा हेतू काय होता हा हिशोब पुढच्यांनी मांडला.

मग १९७५ साल. संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष जाहीर केलेलं. त्याच वर्षी स. गं. मालशे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' पुन्हा छापून आणलं. त्र्याण्णव वर्षांनी. मालशे जुन्या मराठी ग्रंथांचे अभ्यासक, असली हरवलेली पुस्तकं हुडकणारा माणूस. त्याच वर्षी मुंबईत स्त्री मुक्ती संघटना उभी राहिली. तिच्या ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' १९८३ मध्ये रंगमंचावर आलं आणि वर्षानुवर्षं चाळीत, गावात, शाळेत होत राहिलं. गाणी, विनोद, नवरा-सासू-शेजारीण सगळे स्टेजवर, सगळ्यांना बोलायला जागा. ताराबाईंचं पुस्तक आणि हे नाटक यांच्यात मधल्या साखळीचा एकही दुवा मला दाखवता येणार नाही. पण रीत बघा, तीच आहे. तिकडं ब्राझीलचा ऑगस्तो बोआल नावाचा नाटकवाला तर आणखी पुढं गेला होता. त्याच्या प्रयोगात प्रेक्षक 'थांबा' म्हणून ओरडू शकायचा आणि स्वतः स्टेजवर येऊन अन्याय सोसणाऱ्या पात्राच्या जागी उभा राहून दाखवायचा, की मी असतो तर काय केलं असतं. आमच्या आत्याला हे सांगितलं तर म्हणेल, यात नवीन काय, आमच्या विहिरीवर तेच होतं.

१९९४ मध्ये केंब्रिजच्या रोझलिंड ओ'हॅन्लन यांनी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, सविस्तर प्रस्तावनेसह. तेव्हापासून परदेशातल्या विद्यापीठांतही बुलढाण्याच्या या बाईचं नाव पोचलंय. बुलढाण्यात किती पोचलंय ते तुम्हीच बघा. बसस्टँडवर उभं राहून दहा जणांना विचारा, ताराबाई शिंदे कोण, आणि उत्तरं मला पाठवा. आवाज रेकॉर्ड करायच्या आधी समोरच्याची परवानगी घ्या तेवढं.

मराठी पुस्तक ग्रंथालयात मिळतं, नव्या आवृत्त्याही आहेत. भाषा जुनी आहे, पहिली तीन पानं जड जातील. मनातल्या मनात वाचू नका, घरात कुणाला तरी समोर बसवून मोठ्यानं वाचा. शक्यतो बाबांना.

पुढच्या भागात जलसे: गण बदलला तेव्हा ढोलकीवाला काय म्हणाला असेल, आणि नाच्याचं काय झालं. तोवर, येतो.